काहीतरी आलं होतं

पतसंस्थेच्या सात शाखा, आणि मी एकटी.
सकाळी साडेनऊला पहिला फोन
सातपूरच्या गायधनी भाऊसाहेबांचा:
"मॅडम, ते गेलं."
काय गेलं?
"तेच. रोज असतं ते."
स्क्रीनवर काय दिसतंय, जरा वाचून दाखवा.
"आता काही नाही. मघाशी काहीतरी आलं होतं, इंग्रजीत.
मी ओके केलं."

आमची अख्खी संस्था या एका वाक्यावर चालते.

गोदेचा पूर नाशिककर फुटांत मोजत नाहीत,
दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात:
गुडघ्याला लागलं, कमरेला आलं.
माझंही तसंच आहे.
गायधनींच्या फोनला गुडघे बुडतात.

मग जेल रोडच्या वडनेरे बाई. प्रिंटर मेलाय म्हणतात.
द्वारकेच्या कोंडीत पाऊण तास स्कूटी ढकलत मी पोचते
आणि बटण दाबते.
"अय्या! आम्ही दाबलं तेव्हा नव्हतं हो झालं."
कमरेला.

सिडकोत पिंटू सोनजेनं कीबोर्डावर मिसळीची तर्री सांडली.
त्याचं एंटर एकदा खाली गेलं की वर यायचं नाव घेत नाही.
एका थकबाकीदाराला त्यानं
एकोणीस पानं कोरी नोटीस पाठवली,
शेवटच्या पानावर फक्त "कळावे".
तो माणूस घाबरून दुसऱ्याच दिवशी हप्ता भरून गेला,
म्हणून आता कीबोर्ड बदलायला मॅनेजर तयार नाहीत.

पंचवटीहून अध्यक्षांचं भाषण येतं, कुठल्याशा जुन्या फॉन्टात.
उघडावं तर चौकोन, टोप्या, डॉलरची चिन्हं.
"मराठीच आहे ते," पलीकडून ठामपणे सांगतात,
"आमच्याकडे दिसतंय."
छातीला.

पासवर्ड कुणाला सांगायचा नाही,
हे मी प्रशिक्षणात तीनदा बजावलं होतं.
गायधनींनी खरंच कुणाला सांगितला नाही.
टेबलाच्या काचेखाली, लेकीच्या लग्नाच्या फोटोशेजारी
निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला.
खाली सही. तारीख.

रात्री घरी आई मोबाइल पुढे करते,
"बघ ना, मावशीचा फोटो कुठे गेला."
मी उद्या म्हणते आणि दार लोटून घेते.
हे खरं तर लिहायला नको होतं.

मार्च अखेरीला एकदा मी ओरडले गायधनींवर.
काउंटरपलीकडे खातेदार उभे, पासबुकं हातात.
वाचता येतं ना तुम्हाला?
मग ओके करण्याआधी वाचत का नाही?

माउसवरचा हात त्यांनी मांडीवर ठेवला.
चौतीस वर्षं लोकांना कर्जाचे कागद वाचून दाखवलेला माणूस,
"इथे अंगठा, इथे सही" म्हणत बोट ठेवणारा.
गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाले,
"येतं वाचता.
पण ती पेटी मधोमध आली ना, की वाटतं
आपल्याच हातून काहीतरी बिघडलंय.
कुणी बघायच्या आत घालवून टाकतो."

मी केबल नीट खोचली.
खोचलेलीच होती.

एकतीस मेला ते निवृत्त झाले.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
अध्यक्षांचं भाषण, या वेळी हातानं लिहिलेलं.
दुसऱ्या दिवशी मला त्यांचं नाव सिस्टिममधून काढायचं होतं.
मधोमध पेटी आली:
हा वापरकर्ता कायमचा काढला जाईल. खात्री आहे?
मी वाचलं.
पुन्हा वाचलं.
तेवढ्यात फोन वाजला. सातपूर.
त्यांच्या जागेवरचा नवा मुलगा, चोवीस वर्षांचा, दोन मोबाइल वापरणारा:
"मॅडम, काहीतरी आलं होतं..."

ओके केलंस, मी म्हणाले,
आणि बोलता बोलता
माझंही बोट दाबलं गेलं.